‘काय उकडतंय ना!’ हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं?

प्रश्न: जर्मनची बी-वन (मधल्या पातळीची) परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाले. हवामानाचा धडा तोंडपाठ आहे. पण ऑफिसच्या लिफ्टमध्ये जर्मन सहकारी भेटला, की मी ‘आज हवा कशी आहे?’ असं विचारते आणि तो चमकून बघतो. तो आपणहून काही बोलला, तर मी ‘या’ (हो) म्हणते आणि पुढे शांतता. एकदा थंडी वाजत होती म्हणून ‘इश बिन काल्ट’ म्हणाले, तर सगळे हसले. सोमवारच्या व्हिडिओ मीटिंगला जपानी टीम असते. जपानी मी नुकतीच सुरू केली आहे, त्यामुळे पहिली दोन मिनिटं मी नुसती हसत बसते. हे शिकायचं कसं? शब्दसंग्रह वाढवू का? – एक वाचक

उत्तर: शब्दसंग्रह वाढवू नका. बी-वनपर्यंत हवामानाचे जेवढे शब्द येतात, तेवढ्यांवर या गप्पा वर्षानुवर्षं चालतात. तुमचं अडतंय ते वाक्याच्या प्रकारावर.

पुस्तकातला धडा प्रश्नोत्तरांचा असतो. ‘वी इस्ट डास वेटर?’ (हवा कशी आहे?), ‘एस इस्ट काल्ट.’ (थंडी आहे.) एकाने विचारायचं, दुसऱ्याने माहिती द्यायची. पण लिफ्टमधला सहकारी आणि तुम्ही पाच मिनिटांपूर्वी एकाच पावसातून आत आलेले असता. त्याला ‘हवा कशी आहे?’ असं विचारलं तर तो चमकणारच. मराठीत आपण हे कधी करत नाही. शेजारी घाम पुसत उभ्या असलेल्या माणसाला आपण ‘काय उकडतंय ना!’ म्हणतो. त्यात माहिती काहीच नाही. उकडतंय हे त्याला आपल्याइतकंच कळतंय, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणं सोपं जातं. ‘हो ना’ म्हटलं की झालं. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ साली अशा बोलण्याला स्वतंत्र नाव दिलं आणि हवेबद्दलच्या गप्पा त्याच्या उदाहरणांत घातल्या. अर्थ पोचवणं हा अशा बोलण्याचा हेतूच नसतो, दोन माणसांमधला अवघडलेपणा जाणं हा असतो, हे त्यांचं म्हणणं तुम्हाला लिफ्टमध्ये रोज पटेल.

तेव्हा धड्यातला प्रश्न सध्या बाजूला ठेवा. फोनवर आणि व्हिडिओ कॉलवर तो लागेल. लिफ्टसाठी आधी त्या भाषेतला ‘ना’ शोधा. जर्मन पुस्तकं ‘निश्ट वार?’ शिकवतात. रोजच्या बोलण्यात ‘ओडर?’ जास्त ऐकू येतो, उत्तरेकडे ‘ने?’, दक्षिणेकडे ‘गेल?’. तुम्ही ‘ओडर?’ धरा, तो कुठेही खपतो. स्पॅनिशमध्ये नुसतं ‘नो?’ पुरतं: ‘के कालोर, नो?’ (काय उकडतंय, ना?) इटालियनमध्ये तेच ‘के काल्दो, ए?’. फ्रेंच माणूस ‘इल फे फ्रुआ’ (थंडी आहे) म्हणून पुढे नाकातल्या नाकात ‘ॲं?’ जोडतो, पुस्तकातलं ‘नेस पा?’ बोलताना जरा इस्त्री केल्यासारखं वाटतं. इंग्रजी इथे सगळ्यांत कटकटीची आहे, कारण तिचा ‘ना’ क्रियापदाबरोबर बदलतो: ‘इट्स कोल्ड, इझन्ट इट?’, पण ‘इट रेन्ड ऑल नाइट, डिडन्ट इट?’ शिवाय त्या शेपटाचा सूर खाली आणावा लागतो. सूर वर गेला की तो खरा प्रश्न होतो आणि समोरचा विचार करून उत्तर द्यायला लागतो.

आता तुमच्या ‘या’नंतरच्या शांततेकडे. उत्तराला दोन तुकडे हवेत. पहिला होकार, दुसरी एक नवी बारीकशी गोष्ट. नुसता होकार दिला की चेंडू तुमच्या हातात येऊन थांबतो. नवी गोष्ट शोधायला डोकं खाजवायची गरज नाही. ‘काल’ हा शब्द कायम हाताशी असतो, कारण काल समोरच्यानेही पाहिलेला असतो. एक पूर्ण फेरी अशी होते:

– गान्त्स शोन काल्ट हॉयटऽ, ओडर? (बरीच थंडी आहे आज, ना?)
– या, विर्क्लिश. उंट गेस्टर्न वार्स नोख झो वार्म. (हो ना, खरंच. आणि काल तर किती ऊब होती.)
– आम वोखनएन्डऽ झोल्स बेसर वेर्डन. (वीकेंडला बरं होणार आहे म्हणे.)
– ना, माल झेएन. हाबन झी वास फोर? (बघू या. तुमचं काही ठरलंय का?)

यातले सगळे ‘झ’ झाडातले. ‘शोन’ म्हणताना ओठ ‘ओ’सारखे गोल ठेवायचे आणि आतून ‘ए’ म्हणायचा. ‘गान्त्स शोन’चा शब्दशः अर्थ ‘अगदी सुंदर’ असा होतो, पण इथे सौंदर्याचा काही संबंध नाही. ते आपल्या ‘चांगलीच थंडी’मधल्या ‘चांगलीच’सारखं आहे. शेवटच्या ओळीत ‘झी’ म्हणजे ‘तुम्ही’. सहकारी तुमच्याशी ‘डू’ने (तू) बोलत असेल, तर ‘हास्ट डू वास फोर?’ म्हणा, नाहीतर मध्येच अंतर पडल्यासारखं वाटेल. आणि या ओळीवर हवा संपलेली आहे हेही पाहा. हवेवर दोन-तीन वाक्यं झाली की माणसाकडे वळायचं. पाचव्या वाक्यालाही ढगांवरच असाल, तर समोरचा मोबाइल काढतो.

तिसऱ्या ओळीतल्या ‘झोल’वर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी माणसाला तो फुकटात मिळालेला आहे. व्याकरणात तुम्हाला ‘झोलन’ म्हणजे ‘पाहिजे, करायला हवं’ असं शिकवलं असेल. हवेच्या गप्पांत तो सरळ आपला ‘म्हणे’ असतो. मी स्वतः सांगत नाही, कुठेतरी ऐकलं, चुकलं तर माझ्या माथी नाही. अंदाजाबद्दल बोलताना नेमकी हीच मोकळीक लागते, म्हणून बहुतेक भाषांत त्यासाठी काहीतरी तयार असतं. स्पॅनिशमध्ये ‘दीसेन के’ (म्हणतात की), फ्रेंचमध्ये ‘इल पारे क’, इंग्रजीत ‘इट्स सपोज्ड टु रेन’ किंवा ‘अपॅरन्टली’, आणि जपानीत वाक्याच्या शेवटी ‘सोऽ देस’: ‘आश्ता वा आमे दा सोऽ देस’, उद्या पाऊस आहे म्हणे. नवी भाषा घेतली की तिचा ‘ना’ आणि तिचा ‘म्हणे’ पहिल्याच आठवड्यात शोधून वहीत लिहून ठेवा.

‘इश बिन काल्ट’वर लोक का हसले? तुम्ही ‘मी थंड आहे’ असं म्हणालात. जर्मनमध्ये त्यातून भावनाशून्य, कोरडी व्यक्ती असा अर्थ निघतो. ‘इश बिन हाइस’ तर अजिबात म्हणू नका. उकडतंय असा त्याचा अर्थ होत नाही, तो थेट शारीरिक ओढीकडे जातो. स्पॅनिशमधल्या ‘एस्तोय कालिएंते’चंही तेच. ही चूक मराठीतून येत नाही, इंग्रजीतून येते. ‘आय ॲम कोल्ड’ ही रचना आपण शाळेपासून घोकलेली असते आणि तिसरी भाषा शिकताना नकळत तिच्यावरून उड्या मारतो. त्याऐवजी मराठीवरून जा. ‘मला थंडी वाजते’मधला ‘मला’ उचला, की जर्मन तयार होतं: ‘मीअर इस्ट काल्ट’. मीअर म्हणजे मला. उकडत असेल तर ‘मीअर इस्ट वार्म’ किंवा ‘मीअर इस्ट हाइस’. रशियनमध्येही हाच घाट आहे, ‘म्न्ये खोलदना’.

फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियनचा घाट वेगळा. तिथे थंडी ‘असते’, पैसे किंवा वेळ असावा तशी: ‘झे फ्रुआ’, ‘तेंगो फ्रीओ’, ‘ओ फ्रेद्दो’. बाहेरच्या हवेसाठी मात्र या तिघी ‘करणे’ हे क्रियापद घेतात, ‘इल फे फ्रुआ’, ‘आसे फ्रीओ’, ‘फा फ्रेद्दो’. म्हणजे अंगाला वाजणारी थंडी आणि बाहेर पडलेली थंडी यांची वाक्यं वेगवेगळी पाठ करावी लागतात. जोडीनेच करा, एकेकटी केली की अदलाबदल होते.

उकाड्यासाठी जर्मनमध्ये आणखी एक खड्डा आहे. दमट, घुसमटवणाऱ्या हवेला ‘श्व्यूल’ म्हणतात. तो ‘यू’ काढायला ओठ ‘ऊ’सारखे आणि आत ‘ई’ लागतो. तो नीट निघाला नाही आणि साधा ‘श्वूल’ झाला, तर ‘समलिंगी’ असा वेगळाच शब्द होतो. उच्चाराची खात्री होईपर्यंत ‘गान्त्स शोन द्र्युकन्ड हॉयटऽ’ म्हणा. हवा दाबून धरल्यासारखी झाली आहे असा अर्थ होतो, आणि त्यातला स्वर बिघडला तरी कुणी दचकत नाही.

आपल्या ‘हवा’, ‘वातावरण’ आणि ‘हवामान’ या शब्दांचं भाषांतर करताना सावध राहा. ‘आज वातावरण छान आहे’ याचं शब्दाला शब्द भाषांतर केलं, की इंग्रजी आणि जर्मन माणसाला तुम्ही ऑफिसातल्या मूडबद्दल बोलताय असं वाटतं. ‘टुडे क्लायमेट इज गुड’ तर सर्रास ऐकू येतं. क्लायमेट ही एका दिवसाची गोष्ट नाही. हवामानशास्त्रात तिची सरासरी ३० वर्षांची धरतात. आजच्या दिवसासाठी इंग्रजीत वेदर, जर्मनमध्ये वेटर. लॅटिन अमेरिकेत मात्र ‘क्लीमा’ रोजच्या हवेसाठीही बिनदिक्कत वापरतात, तिथे कुणाची चूक काढायला जाऊ नका. फ्रेंच ‘तां’ आणि स्पॅनिश ‘तिएम्पो’ यांचा अर्थ वेळही होतो आणि हवाही.

मुसळधार पावसासाठी प्रत्येक भाषेत मजेदार म्हणी असतात. आपल्याकडे मुसळं पडतात, फ्रेंचमध्ये दोरखंड, स्पॅनिशमध्ये घागरीच्या घागरी. त्या समजून घ्या, पण स्वतः बोलताना साधं वाक्य धरा. इंग्रजीत मांजरं-कुत्री पाडण्यापेक्षा ‘इट्स पोअरिंग’ हेच रोजचं वाक्य आहे, जर्मनमध्ये ‘एस श्युटेट’. अडखळत बोलणाऱ्याच्या तोंडी अचानक म्हण आली, की समोरचा गप्पा सोडून तुमच्या भाषेचं कौतुक करायला लागतो, आणि दोघंही पुन्हा अवघडतात.

एक गोष्ट व्याकरणाबाहेरची. ‘शोनेस वेटर’ म्हणजे छान हवा, आणि जर्मन माणसाच्या डोक्यात त्याचा अर्थ ऊन. कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात वाढलेल्याला ढगाळ, गार दिवस छान वाटतो. जर्मन सहकारी ‘आज काय मस्त ऊन आहे’ म्हणाला, की तुमच्या तोंडून ‘मला नाही आवडत’ निघायला वेळ लागत नाही. थेट नकार देऊ नका. हे वाक्य मत विचारायला आलेलंच नसतं. आधी ‘या, शोन’ म्हणा, मग आपलं जोडा: ‘आबर इश माग आउख रेगन’, पण मला पाऊसही आवडतो. होकारानंतर आलेलं वेगळं मत लोकांना आवडतं, आणि बहुतेक वेळा ते ‘का?’ विचारतात. पुढचं बोलणं आपोआप मिळतं.

आता जपानी. इथे तुम्ही नवख्या असूनही जर्मनपेक्षा लवकर बोलायला लागाल. ‘अत्सुइ देस ने’, उकडतंय ना. ‘सामुइ देस ने’, थंडी आहे ना. ‘देसु’मधला शेवटचा ‘उ’ जवळपास ऐकूच येत नाही. बाहेर थंडी आहे आणि मला थंडी वाजते, या दोन्हींना ‘सामुइ’ चालतं, त्यामुळे जर्मनमधली भानगड इथे नाही. फक्त पाणी, हात, भिंत अशा स्पर्शाने गार लागणाऱ्या वस्तूंना ‘सामुइ’ म्हणत नाहीत, त्यांना ‘त्सुमेताइ’. दमट उकाड्याला ‘मुशि-अत्सुइ’, सुखद गारव्याला ‘सुझुशीइ’.

सगळा भार ‘ने’वर आहे, आणि तो परत करावा लागतो. समोरचा ‘अत्सुइ देस ने’ म्हणाला आणि तुम्ही ‘हाय, अत्सुइ देस’ (हो, उकडतंय) म्हणालात, तर वाक्य बरोबर असूनही तुम्ही तापमान नोंदवून दिल्यासारखं होतं. ‘सोऽ देस ने’ (हो ना) म्हणा, आणि जमलं तर पुढे ‘होन्तोऽ नी अत्सुइ देस ने’, खरंच फार उकडतंय ना. ‘ने’च्या जागी चुकून ‘यो’ लावलात, तर ‘तुम्हाला माहीत नाही, मी सांगते’ असा सूर लागतो.

ऋतू बदलताना एक साचा फार उपयोगी पडतो. विशेषणाचा शेवटचा ‘इ’ काढून ‘कु’ लावायचा आणि पुढे ‘नारिमाश्ता ने’ जोडायचं. ‘सामुकु नारिमाश्ता ने’, थंडी पडायला लागली ना. ‘अत्सुकु’, ‘सुझुशिकु’ आणि ‘अताताकाकु’ (ऊबदार) लावून आणखी तीन वाक्यं झाली. एवढ्या चार वाक्यांवर वर्षभराच्या सोमवारच्या मीटिंगांची सुरुवात होते. जपानीत औपचारिक पत्राचीसुद्धा सुरुवात ऋतूच्या उल्लेखाने करतात, त्यामुळे तुमचं हे वाक्य कुणाला भरताडाचं वाटणार नाही.

कॉलवर आभाळ दोघांचं वेगळं असतं, म्हणून तिथे तो धड्यातला प्रश्न कामाला येतो, एका शब्दाची भर घालून: ‘तुमच्याकडे’. जर्मनमध्ये ‘वी इस्ट डास वेटर बाय ऑयश?’, जपानीत ‘सोचिरा नो तेनकी वा दोऽ देस का?’. विचारण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. एक, समोरचा कोणत्या गोलार्धात आहे. डिसेंबरमध्ये अर्जेंटिना किंवा ऑस्ट्रेलियातल्या माणसाला ‘बर्फ पडला का?’ विचारलं की पंचाईत होते. दुसरी, त्या भागात पूर किंवा वादळाची बातमी तर नाही ना. असेल तर हवेची गप्पा सोडा, ‘इस्ट बाय ऑयश आलेस इन ओर्डनुंग?’, ‘दाइजोबु देस का?’ (तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?) असं सरळ विचारा आणि ऐकून घ्या.

अमेरिकन माणूस ८६ अंश म्हणाला तर घाबरू नका, ते फॅरनहाइट आहे, सेल्सियसमध्ये ३०. शून्य म्हणजे ३२, दहा म्हणजे ५०, वीस म्हणजे ६८, तीस म्हणजे ८६, चाळीस म्हणजे १०४. एवढे पाच आकडे पाठ असले की मधले अंदाजाने येतात. जर्मन आकड्यांत तर मराठी माणसाची चैन आहे. ‘फ्युन्फ-उंट-त्स्वांत्सिश’, पाच आणि वीस, आपल्या पंचवीससारखंच एकक आधी.

सराव रोज दोन मिनिटांचा, ठरलेल्या वेळी, खिडकीपाशी उभं राहून आणि मोठ्याने. तीनच वाक्यं: आत्ता कसं आहे (‘ओडर’ लावून), काल कसं होतं, उद्या काय होणार आहे म्हणे. बाहेर जे दिसतंय तेच बोला, काल्पनिक हिमवर्षाव नको. शब्द सुटे पाठ करू नका, अख्खं वाक्य एका दमात जीभेवर बसवा, कारण लिफ्टमध्ये रचना करायला वेळ नसतो. आठवड्यातून एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून ‘ना’चा सूर ऐका.

अंदाजाचा मजकूर वाचायचा असेल, तर जर्मनीचं सरकारी हवामान खातं ‘डॉयचर वेटरडीन्स्ट’ रोज देतं. तो वाचा, पण तिथली भाषा लिफ्टमध्ये आणू नका. ‘हाइटर बिस वोल्किश’, म्हणजे बरंचसं निरभ्र ते ढगाळ, हे बातमीपत्राचं वाक्य आहे. त्यातून रोज एक आकडा आणि एक शब्द उचला, तुमच्या ‘म्हणे’च्या वाक्यात घालायला.

उद्या लिफ्टमध्ये पहिलं वाक्य तुम्हीच टाका आणि मग दोन-तीन सेकंद थांबा. ती शांतता भरायला घाईने दुसरं वाक्य टाकू नका, तो विचार करत असतो. त्याचं एक उत्तर आलं आणि मजला आला, तरी फेरी पूर्ण झाली असं समजा. दार उघडलं की ‘शोनन टाक नोख!’ (दिवस छान जावो!) म्हणून बाहेर पडा. मागून ‘डांकऽ, ग्लाइशफाल्स’ ऐकू येईल, म्हणजे ‘थँक्यू, तुम्हालाही’.